शंभर संस्थांचे वचन : भारत–आफ्रिका शिखर परिषदांच्या पाठपुराव्याचा अभ्यास

ऑक्टोबर २०१५ च्या अखेरीस नवी दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या भारत–आफ्रिका मंच शिखर परिषदेला आफ्रिकेतील सर्व ५४ देशांना निमंत्रण होते आणि त्यांपैकी ४१ देशांचे राष्ट्रप्रमुख किंवा शासनप्रमुख स्वतः आले होते. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्या व्यासपीठावरून पहिल्या परिषदेपासूनचा हिशेब मांडला : ७.४ अब्ज डॉलरचे सवलतीचे कर्ज, १.२ अब्ज डॉलरचे अनुदान आणि आफ्रिकेत उभारल्या जात असलेल्या १०० प्रशिक्षण संस्था. पुढच्या पाच वर्षांसाठी त्यांनी १० अब्ज डॉलरचे कर्ज, ६० कोटी डॉलरचे अनुदान आणि ५०,००० शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. मात्र त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी यजमान सहसा सांगत नाही. भारताने प्रत्येक वेळी आवश्यक तेवढे लक्ष दिले नसेल आणि काही वचने जितक्या वेगाने पुरी व्हायला हवी होती तितक्या वेगाने ती झाली नसतील, अशी कबुली त्यांनी दिली.

प्रस्तुत प्रकरणात या कबुलीमागची परिस्थिती तपासली आहे. एकाच परिषदेत, एकाच परराष्ट्र मंत्रालयाच्या पुढाकाराने दिलेल्या वचनांपैकी काही जवळजवळ पूर्ण झाली, काही अर्ध्यावर राहिली आणि काही कागदावरून खाली उतरलीच नाहीत. पैसा कमी पडला, हे त्याचे सर्वांत सोपे उत्तर आहे आणि माझ्या मते ते बहुतांशी चुकीचे आहे. जिथे दोन्ही बाजूंना कामाचा एकच धनी होता आणि ज्याला ते हवे होते त्याची गरज घोषणेच्या आधीपासूनची होती, तिथे काम झाले. जिथे वचन संपूर्ण खंडाला दिले गेले, तिथे ते कोणाचेच राहिले नाही.

परिषदांचा क्रम

पहिली परिषद ८ आणि ९ एप्रिल २००८ रोजी नवी दिल्लीत झाली. तिला आफ्रिकेतील फक्त १४ देश आले होते, कारण निमंत्रितांची निवड भारताने न करता आफ्रिकी महासंघाने, म्हणजे आफ्रिकी देशांच्या सामाईक संघटनेने, केली होती. २००६ मध्ये गाम्बियाची राजधानी बांजुल येथे महासंघाने ठरवलेल्या सूत्रानुसार, बाहेरच्या एखाद्या देशासोबतच्या परिषदेत महासंघाचे अध्यक्षपद भूषवणारा देश, प्रादेशिक आर्थिक समुदायांचे प्रमुख देश आणि आणखी काही मोजके देश खंडाचे प्रतिनिधित्व करत असत. भारताने हे सूत्र मान्य केले, हा सौजन्याचा भाग होता. पण त्यामुळे पुढच्या सगळ्या संस्थांचे वाटपही महासंघाच्या हाती गेले, आणि या प्रकरणाचे मूळ त्यातच आहे.

या परिषदेतून ‘दिल्ली जाहीरनामा’ आणि ‘सहकार्य आराखडा’ असे दोन दस्तऐवज निघाले. पाच वर्षांसाठी ५.४ अब्ज डॉलरच्या कर्जाची आणि अल्पविकसित देशांच्या मालाला भारतीय बाजारात जकातमाफी किंवा जकात सवलत देण्याची घोषणा झाली. आराखडा एप्रिल २००८ चा असला, तरी तो कसा राबवायचा याची संयुक्त कृती योजना मार्च २०१० मध्ये आली. दर तीन वर्षांनी भरणाऱ्या परिषदेच्या चक्रातील जवळजवळ दोन वर्षे काय करायचे हे ठरवण्यातच गेली, म्हणजे मे २०११ मध्ये इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा येथे दुसरी परिषद भरली तेव्हा पहिल्या परिषदेच्या कामाला जेमतेम वर्षभर मिळाले होते. तरीही दुसऱ्या परिषदेत आधीच्या यादीचा आढावा घेऊन ती आटोपशीर करण्याऐवजी तिच्यात भर घातली गेली : आणखी ५ अब्ज डॉलरचे कर्ज, संस्था आणि प्रशिक्षणासाठी ७० कोटी डॉलरचे अनुदान, तीन वर्षांत २२,००० शिष्यवृत्त्या आणि ८० हून अधिक नव्या संस्था. तिसरी परिषद २०१४ मध्ये व्हायची होती. पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीमुळे ती पुढे ढकलली गेली. चौथी २०२० मध्ये अपेक्षित होती, ती कोविडमुळे हुकली, आणि त्यानंतरही २०१५ पासूनचे पूर्ण दशक परिषदेविना गेले.

संस्थांची यादी आणि तिचे काय झाले

पहिल्या परिषदेनंतर १९ संस्था ठरल्या. त्यांत चार संस्था संपूर्ण खंडासाठी होत्या : युगांडात परराष्ट्र व्यापाराची, घानात माहिती तंत्रज्ञानाची, बोट्स्वानात हिऱ्यांच्या कामाची आणि बुरुंडीत शैक्षणिक नियोजन व प्रशासनाची. त्यांच्या जोडीला दहा व्यवसाय प्रशिक्षण केंद्रे आणि पाच मानवी वसाहत (घरबांधणी व वसाहत नियोजनाच्या) संस्था होत्या. प्रत्येकीमागे भारतातील एक सरकारी संस्था उभी करण्यात आली : परराष्ट्र व्यापारासाठी दिल्लीची भारतीय विदेश व्यापार संस्था, बुरुंडीसाठी राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन विद्यापीठ, हिऱ्यांसाठी सुरतची हिरे संस्था, व्यवसाय केंद्रांसाठी राष्ट्रीय लघुउद्योग महामंडळ. दुसऱ्या परिषदेने या यादीला अन्नप्रक्रिया आणि वस्त्रोद्योगाचे समूह, मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाचे केंद्र, जीवशास्त्र व भूविज्ञानाचे विद्यापीठ, कृषी व ग्रामविकास संस्था आणि एक आभासी विद्यापीठ जोडले.

कागदावर ही रचना निर्दोष दिसते. भारत इमारतीची साधने, प्रशिक्षक आणि अभ्यासक्रम देणार, पहिली काही वर्षे संस्था चालवणार आणि मग ती स्थानिक हाती सोपवणार. यजमान देशाने जमीन, इमारत आणि चालू खर्चाची तजवीज करायची. पण संस्था कुठे उभारायची हे महासंघ ठरवणार होता, आणि महासंघाला पाच प्रदेशांत समतोल राखायचा होता. त्यामुळे संस्था कोणाला सर्वांत जास्त हवी आहे यापेक्षा कोणत्या प्रदेशाच्या वाट्याला अजून काही आलेले नाही, या प्रश्नाला प्राधान्य मिळाले. ज्या देशाच्या वाट्याला संस्था आली त्याच्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी रक्कम धरलेली असेलच असे नव्हते. त्यातही संस्था खंडाची असल्याने शेजारच्या देशांचे विद्यार्थी तिथे येणार, पण त्यांच्या शिक्षणाचा आवर्ती खर्च यजमानाने उचलायचा, ही अपेक्षा बुरुंडीसारख्या अतिशय गरीब देशाकडून करणे मुळातच अवास्तव होते. तिथली पदवी इतर देशांत मान्य होईल का, हेही ठरलेले नव्हते.

भारताच्या बाजूचे चित्रही फारसे वेगळे नव्हते. जबाबदारी दिलेल्या संस्थांना आपापली रोजची कामे होती. परदेशातील नवी संस्था उभारणे हे त्यांच्यासाठी मंत्रालयाने सोपवलेले जादा काम होते. ते झाले नाही तर त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का लागणार नव्हता आणि झाले तर प्रवेशद्वारावर त्यांचे नाव येणार नव्हते. यजमान देशाशी करार, जागेची पाहणी, सविस्तर प्रकल्प अहवाल, खर्चाची मंजुरी अशा प्रत्येक टप्प्यावर फाइल दोन राजधान्या आणि महासंघाचे अदिस अबाबातील मुख्यालय अशा तीन ठिकाणी फिरत होती. एका ठिकाणचा अधिकारी बदलला की पत्रव्यवहार पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. व्यवसाय प्रशिक्षण केंद्रांपैकी काही सुरू झाली, कारण तिथे यंत्रे आणि प्रशिक्षक पाठवले की काम सुरू होऊ शकत होते आणि केंद्राचा उपयोग त्याच देशातील तरुणांना होणार होता. संपूर्ण खंडासाठीच्या मोठ्या संस्था मात्र जशा जाहीर झाल्या तशा उभ्या राहिल्या नाहीत.

ई-नेटवर्क : चाललेले काम आणि त्याचा शेवट

तुलनेसाठी एक जुना प्रकल्प घेता येतो. राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी सप्टेंबर २००४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत अखिल आफ्रिकी संसदेसमोर बोलताना भारतातील विद्यापीठे आणि रुग्णालये उपग्रहाद्वारे आफ्रिकेशी जोडण्याची कल्पना मांडली. २००७ मध्ये मंत्रिमंडळाने तिला सुमारे ५४३ कोटी रुपयांची मंजुरी दिली, आणि २६ फेब्रुवारी २००९ रोजी पहिला टप्पा सुरू झाला. सेनेगलची राजधानी डाकारमध्ये उपग्रहाचे मुख्य भूकेंद्र उभारले गेले, ४८ देश सहभागी झाले, आणि दिल्ली किंवा चेन्नईतील प्राध्यापकाचे व्याख्यान व भारतातील तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला तिथल्या केंद्रांवर पोहोचू लागला.

हाही खंडाला दिलेलाच प्रकल्प होता, मग तो का चालला? उत्तर त्याच्या बांधणीत आहे. महासंघाशी एक छत्र करार असला तरी प्रत्येक देशाने टेलिकम्युनिकेशन्स कन्सल्टंट्स इंडिया या एकाच सरकारी कंपनीशी स्वतंत्र करार केला होता. ज्या देशाने सही केली आणि खोली, वीज व समन्वयक दिला तिथे केंद्र बसले. ज्याने केले नाही त्याच्यामुळे बाकीच्यांचे काम अडले नाही. जबाबदारी एका कंपनीकडे होती आणि तिचे बिल काम झाल्यावरच निघत होते. समतोलाच्या वाटाघाटींना इथे वावच नव्हता, कारण प्रत्येक देशाला सारखीच गोष्ट मिळणार होती.

त्याचा कमकुवत दुवा मात्र शेवटी उघड झाला. ठरलेली वर्षे संपल्यावर जाळे महासंघाकडे जाणार होते. चालवण्याचा वार्षिक खर्च कोण उचलणार याचे पक्के उत्तर कोणाकडेच नव्हते, त्यामुळे भारतानेच मुदत वाढवत नेली आणि २०१७ मध्ये तो टप्पा संपला. दरम्यान इंटरनेट इतके पुढे गेले होते की उपग्रहाच्या महागड्या जाळ्याची गरजच उरली नव्हती. २०१९ पासून ‘ई-विद्याभारती’ आणि ‘ई-आरोग्यभारती’ या नावांनी साध्या इंटरनेटवरून तेच काम पुन्हा सुरू झाले, आणि या वेळी शिष्यवृत्तीचा खर्च पाच वर्षांसाठी भारताच्याच अर्थसंकल्पात ठेवला गेला. हस्तांतराचा प्रश्न सोडवण्यापेक्षा तो टाळणे पसंत केले गेले, असेच म्हणावे लागेल.

कर्ज : मुंबईतून निघणारा आणि भारतातच राहणारा पैसा

परिषदेतील आकड्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा कर्जाचा असतो, आणि सर्वसामान्य वाचकाचा सर्वांत मोठा गैरसमजही त्याबाबतच असतो. जाहीर झालेले अब्जावधी डॉलर कोणत्याही आफ्रिकी सरकारच्या खात्यात जात नाहीत. मुंबईत मुख्यालय असलेली एक्झिम बँक, म्हणजे आयात-निर्यातीला कर्ज देणारी सरकारी बँक, बाजारातून पैसा उभारते, भारत सरकार बाजारातील आणि सवलतीच्या व्याजातील फरक भरून देते आणि हमी घेते. प्रकल्पाचे कंत्राट भारतीय कंपनीला मिळते, वस्तू व सेवांपैकी साधारण ७५ टक्के भारतातून जाव्या लागतात, आणि कामाचे बिल मंजूर झाले की रक्कम त्या कंपनीला भारतातच मिळते. ऋणको, म्हणजे कर्ज घेणाऱ्या, देशाकडे प्रकल्प येतो आणि परतफेडीचे दायित्व. डिसेंबर २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सर्वांत गरीब गटातील देशांना हे कर्ज दीड टक्का व्याजाने, २५ वर्षांसाठी आणि पहिली पाच वर्षे मुद्दलाची फेड न करता मिळते.

म्हणून ‘१० अब्ज डॉलर दिले’ आणि ‘१० अब्ज डॉलर जाहीर केले’ यांत कमालीचे अंतर असते. घोषणेनंतर देशाकडून प्रस्ताव यायचा, मंजुरी व्हायची, करार व्हायचा, तो कायदेशीररीत्या अमलात यायचा, निविदा निघायच्या, कंत्राटाला बँकेची मान्यता मिळायची. एवढे झाल्यावर पहिला डॉलर हलतो. सुरुवातीच्या काळात अनेकदा भारतीय कंपनीच प्रकल्प शोधून काढून त्या त्या सरकारच्या गळी उतरवत असे. अशा प्रकल्पाला ऋणको देशात खरा वाली नसे. २०१५ च्या तत्त्वांनी कंपन्यांची पूर्वपात्रता तपासण्याचे काम एक्झिम बँकेकडे दिले आणि आधी प्रकल्प अहवाल मागितला, ते याच अनुभवातून.

दोन उदाहरणांतून फरक कळतो. सेनेगल हा भाताच्या आयातीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असलेला देश. २००८ मध्ये जगभर धान्याचे भाव भडकल्यावर राष्ट्राध्यक्ष अब्दुलाये वाद यांनी अन्नोत्पादन वाढवण्याची मोठी राष्ट्रीय मोहीम जाहीर केली. भारताने सिंचनासाठी दिलेल्या २.७ कोटी डॉलरच्या कर्जातून पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप तिथे गेले. रक्कम लहान होती आणि वस्तू ओळखीची होती. शिवाय त्या देशाचे स्वतःचे धोरण आधीच त्या दिशेने चालले होते. पंप बसले की पाणी शेतात जाणार होते. मधे कोणत्याही नव्या संस्थेची गरज नव्हती.

इथिओपियाला साखर उद्योगासाठी दिलेले ६४ कोटी डॉलरचे कर्ज ही याच्या उलट बाजू आहे. करार २००७ चा, म्हणजे पहिल्या परिषदेच्याही आधीचा. पण परिषदांमध्ये तो मैत्रीचे ठळक उदाहरण म्हणून मिरवला गेला. त्यातून वोंजी शोआ आणि फिंचा येथील कामे झाली, आणि अफार प्रदेशात तेंदाहो येथे प्रचंड मोठा नवा कारखाना उभारायचा होता. तिथे धरण, कालवे, उसाची लागवड, स्थानिक पशुपालकांचे स्थलांतर आणि कारखान्याची उभारणी ही कामे वेगवेगळ्या हातांत होती, आणि कर्जाच्या करारात फक्त कारखाना होता. गाळप सुरू व्हायला वर्षानुवर्षे उशीर झाला, आणि ऊस व कारखाना यांचा मेळ बसला नाही. तोडणीचे वेळापत्रक आणि गाळपाची क्षमता जुळली नाही तर काय होते, हे कोल्हापूर-सांगलीच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. भारतीय बाजूने कारखान्याचे सुटे भाग पोहोचवणे म्हणजे वचनपूर्ती होती; इथिओपियाच्या दृष्टीने साखर बाहेर पडेपर्यंत काहीच पूर्ण झाले नव्हते, आणि कर्जफेड मात्र ठरलेल्या तारखेलाच सुरू होणार होती.

एकंदर चित्र वाईट नाही, हेही नोंदवले पाहिजे. जुलै २०२२ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी दिलेल्या माहितीनुसार आफ्रिकेला दिलेले सवलतीचे कर्ज १२.३ अब्ज डॉलरच्या वर गेले होते. १९७ प्रकल्प पूर्ण झाले होते, ६५ चालू होते आणि ८१ अंमलबजावणीपूर्व टप्प्यावर होते. रवांडातील २८ मेगावॉटचा न्याबारोंगो जलविद्युत प्रकल्प २०१४ मध्ये सुरू झाला, तो याच प्रकारच्या कर्जातून. पण ८१ हा आकडा बारकाईने पाहण्यासारखा आहे : एवढ्या प्रकल्पांची तोवर घोषणा झाली होती आणि कुदळ पडलेली नव्हती.

जे हातात होते ते

तिसऱ्या परिषदेनंतर मार्च २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने आफ्रिकेत १८ नवे राजदूतावास उघडण्याचा निर्णय घेतला, आणि परिषदेतील वचने राबवण्यासाठीच तो असल्याचे स्पष्ट सांगितले. तोवर ५४ पैकी २९ देशांतच भारताचा दूतावास होता. उरलेल्या देशांत शेजारच्या राजधानीतील राजदूत वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी जात असे. त्याच वर्षी रवांडाची राजधानी किगालीपासून सुरुवात झाली आणि चार-पाच वर्षांत जवळजवळ सगळे दूतावास उघडले. हा निर्णय पूर्ण करायला दुसऱ्या कोणाच्या अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागणार नव्हती. त्याचा खरा लाभ पाठपुराव्याला आहे, कारण ठरलेला प्रकल्प कुठे अडला आहे हे विचारायला त्या त्या मंत्रालयाच्या दारात रोज जाऊ शकणारा माणूस त्यामुळे मिळाला.

शिष्यवृत्त्यांचे गणित मधले आहे. ५०,००० जागांची मुदत ऑक्टोबर २०२० मध्ये संपायची होती. जुलै २०२२ मध्ये ३२,००० हून अधिक जागा वापरल्या गेल्याचे सांगण्यात आले. कोविडची दोन वर्षे लक्षात घेतली तर ही कामगिरी बरी म्हणता येईल. मात्र या आकड्यात काही आठवड्यांचे प्रशिक्षण आणि तीन-चार वर्षांची पदवी या दोहोंची गणना एकेक जागा म्हणूनच होते, त्यामुळे आकडा जितका सांगतो त्याहून अधिक झाकतो.

तुलना आणि बदललेली वाट

चीन २००० पासून आफ्रिकेबरोबर दर तीन वर्षांनी मंच भरवत आला आहे आणि कोविडच्या काळातही, २०२१ मध्ये डाकारला, त्याने ते चक्र मोडले नाही. त्याचा कृती आराखडा जाहीरनाम्यासोबतच प्रसिद्ध होतो आणि चीनच्या बाजूने अनेक मंत्रालयांची कायमस्वरूपी पाठपुरावा समिती आहे. जपानची परिषद १९९३ पासूनची. तिच्या दोन बैठकांच्या मधे मंत्रिस्तरीय आढावा बैठका होतात. चीनच्या कर्जांवर घेतले जाणारे आक्षेप मोठे आहेत आणि ते इथे विषयाबाहेरचे आहेत. पण पुढच्या परिषदेची तारीख ठरलेली असणे हे अधिकाऱ्यांवरचे सर्वांत परिणामकारक दडपण असते, हे त्यातून दिसते. भारताने ते दडपण दहा वर्षे गमावले आणि त्याची जागा पंतप्रधान-राष्ट्रपतींच्या दौऱ्यांनी घेतली.

संस्थांच्या बाबतीत मात्र एक नवी वाट पडली आहे. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचे केंद्र युगांडातील जिंजा येथे सुरू झाले, आणि त्याच वर्षी मद्रासच्या आयआयटीने टांझानियातील झांझिबारमध्ये आपली शाखा उघडली. या दोन्ही संस्था १०० संस्थांच्या यादीतल्या नव्हत्या. त्या महासंघाने वाटल्या नाहीत. एका सरकारने मागितल्या आणि एका भारतीय संस्थेने स्वतःच्या नावाने, स्वतःची पदवी देत उघडल्या. झांझिबारची शाखा बंद पडली तर नामुष्की मद्रासच्या संस्थेची होईल. परराष्ट्र व्यापाराच्या जुन्या संस्थेबाबत अशी नामुष्की कोणाच्याच वाट्याला येणार नव्हती. यात खंडाची समानता मात्र मागे पडते, कारण ज्या देशाकडे जमीन देण्याची आणि करार पुढे रेटण्याची क्षमता आहे त्यालाच संस्था मिळते. बुरुंडीला या वाटेने काही मिळण्याची शक्यता कमी आहे, आणि हा दोष छोटा नाही.

कर्जाची वाट तर आणखी अरुंद झाली आहे. झांबियाने २०२० मध्ये, घानाने २०२२ मध्ये आणि इथिओपियाने २०२३ मध्ये बाह्य कर्जाचे हप्ते चुकवले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कार्यक्रमात असलेल्या सरकारला नवे कर्ज घेण्यावर मर्यादा असतात, आणि सवलतीचे असले तरी दीड टक्का व्याजाचे कर्ज हेही कर्जच. त्यामुळे पुढच्या परिषदेत आणखी काही अब्ज डॉलरचा आकडा जाहीर झाला तर ज्यांना गरज सर्वाधिक आहे ते देश त्यातला फारच थोडा भाग उचलू शकतील. २०२२ मध्ये उरलेल्या ८१ प्रकल्पांतील कोणते ऋणको देशाला आजही हवे आहेत हे विचारणे, नको असलेले रद्द करणे, आणि सुटलेल्या व्याज-अनुदानातून सुरू असलेल्या व्यवसाय प्रशिक्षण केंद्रांचा पगार व दुरुस्तीचा खर्च काही वर्षे उचलणे, हे नव्या आकड्यापेक्षा स्वस्त पडेल. त्यासाठी अर्थ मंत्रालयाची मान्यता लागेल, कारण व्याजातील फरकासाठी धरलेली रक्कम परदेशातील पगारांवर खर्च करण्याची सोय सध्याच्या योजनेत नाही.